न्यूमोनियाचा भरती रुग्ण: पहिला डोस सगळेच देतात, तिसऱ्या दिवशी काय?

वॉर्डराउंड (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आला. जून लागला की मुंबईत मेडिसिनच्या वॉर्डात ताप, खोकला, धाप असलेल्यांची रांग लागते आणि रात्री दोनला पहिलं अँटिबायोटिक लिहिणारा बहुधा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट असतो. त्याच्यासाठी एका पानाचा तक्ता करतोय. नावं आणि डोस त्याला मोबाइलवर सापडतात. तक्त्यात यायला हवं ते हे, की नेमकं कुठे चुकतं. कच्चा मसुदा टाकतो, बिनधास्त फाडा.

तीव्रता: कर्ब-६५, म्हणजे न्यूमोनिया किती गंभीर ते मोजणारी गुणपद्धत. गोंधळलेपणा, युरिया, श्वासाचा वेग ३० किंवा जास्त, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत उतरलेला, वय ६५ किंवा पुढे. प्रत्येकी एक गुण. ० किंवा १ असेल तर सहसा घरी, २ ला भरती, ३ पासून पुढे आयसीयूचा विचार. पहिली चूक युरियाची होते. पुस्तकातला आकडा ७ मिलिमोल, आपली लॅब देते मिलिग्रॅम. ब्लड युरिया छापलं असेल तर सीमा ४२, बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) असेल तर २० च्या आसपास. युरिया ३० पाहून एक गुण देऊन टाकणारे बरेच आहेत. दुसरी चूक श्वास न मोजण्याची. केसपेपरवर वॉर्डातल्या सगळ्यांचा वेग २० किंवा २२ असतो, हे शक्य नाही. पूर्ण मिनिट मोजा. ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तर गुण शून्य असला तरी भरती.

वेळ: सेप्टिक शॉक असेल तर तासाभरात पहिला डोस. नसेल तर एक्स-रे बघायला, कल्चर घ्यायला वेळ आहे, पण चार तासांच्या पलीकडे नको.

निवड: साध्या वॉर्डात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम दिवसातून एकदा, किंवा अमॉक्सिक्लाव्ह १.२ ग्रॅम दर ८ तासांनी, सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिग्रॅ रोज. आयसीयूतही हीच जोडी, फक्त तिथे अ‍ॅझिथ्रो गाळायचं नाही. पिपटाझ (पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम) किंवा मेरोपेनेम, स्यूडोमोनास या चिवट जंतूसाठी ठोस कारण असेल तेव्हाच: ब्रॉन्किएक्टेसिस (कायमच्या रुंदावलेल्या श्वासनलिका), आधीच्या कल्चरमध्ये तो मिळालेला, किंवा गेल्या ९० दिवसांत भरती होऊन शिरेतून अँटिबायोटिक घेतलेलं. नुसता मधुमेह हे कारण नाही. वय ८० हेही नाही.

प्रश्न दोन आहेत. लिव्होफ्लॉक्सासिन तक्त्यातून पूर्ण काढावं का? आणि तिसऱ्या दिवशीचा रकाना (औषध चालू ठेवायचं, बदलायचं की थांबवायचं) कसा भरून घ्यायचा?

छातीवाला

काढा. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांमध्ये लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन एकट्याने चालतं असं आहे, आणि न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या नेहमीच्या जंतूच्या दृष्टीने ते खरंही आहे. अडचण आपल्या शहराची आहे. क्विनोलोन, म्हणजे या दोन औषधांचा गट, हे टीबीचंही औषध आहे. लपलेला टीबी घेऊन आलेल्या माणसाला लिव्होफ्लॉक्सासिन दिलं की चार-पाच दिवसांत ताप उतरतो, भूक लागते, डिस्चार्ज होतो. थुंकीतले जंतूही काही काळ दिसेनासे होतात. महिन्या-दोन महिन्यांनी तो परत येतो तेव्हा आजार पसरलेला असतो आणि एकट्या औषधाला तोंड दिलेले जंतू क्विनोलोनला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिड हे आधारस्तंभ आहेत. ते खोकल्यावर उधळायचे नाहीत.

तेच लिनेझोलिडलाही लागू. 'एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ जंतू) असू शकेल' एवढ्यावर लिनेझोलिड सुरू करणाऱ्यांनी आधी थुंकीचा एक डबा सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणाऱ्या चाचण्या) पाठवावा. ही तपासणी राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मोफत आहे.

कोणाची थुंकी पाठवायची? दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटलेलं, वरच्या भागात डाग किंवा पोकळी, घरात टीबी, एचआयव्ही, स्टेरॉइड चालू. मधुमेह्यांत टीबी खालच्या भागातही दिसतो, म्हणून एक्स-रेत तळाशी डाग आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आणि नमुना क्विनोलोनच्या पहिल्या डोसाआधी.

क्विनोलोनला जागा एकच: पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन दोन्हींची खरीखुरी, घसा सुजलेली किंवा रक्तदाब कोसळलेली अ‍ॅलर्जी.

पेट्रीडिश

मसुद्यात नमुन्यांचा रकानाच नाही, वॉर्डराउंड. तिसऱ्या दिवशी निर्णय घ्यायचा तर पहिल्या दिवशी काहीतरी पाठवलेलं असावं लागतं ना?

साध्या वॉर्डातल्या प्रत्येक न्यूमोनियाला ब्लड कल्चर नको. तीव्र आजार, किंवा स्यूडोमोनास वा एमआरएसएसाठी औषध सुरू करताय, तर मात्र हवंच. घ्यायची पद्धत: कातडी क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने घासायची, निदान ३० सेकंद सुकू द्यायची, पुन्हा बोट लावायचं नाही. बाटलीचं झाकण उघडलं की रबराचा भाग निर्जंतुक नसतो, तोही अल्कोहोलने पुसायचा. प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त, दोन वेगळ्या जागांहून दोन संच. लॅबमध्ये येतं ते बहुधा एका बाटलीत तीन मिली. इतक्या कमी रक्तात जंतू सापडला नाही तर त्याचा अर्थ काही लागत नाही. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. रात्री लॅब बंद असेल तर खोलीच्या तापमानाला ठेवा आणि सकाळी पहिल्या फेरीत पाठवा.

थुंकीचं उलटं. दोन तासांत लॅबला पोचत नसेल तर फ्रिजमध्ये. तोंड साध्या पाण्याने खळखळून, कवळी असली तर ती काढून, खोल खोकून आलेली. मायक्रोस्कोपच्या कमी भिंगाखाली एका क्षेत्रात पू पेशी २५ हून जास्त आणि तोंडाच्या चपट्या पेशी १० हून कमी, तर ती थुंकी. नाहीतर ती लाळ, आणि लाळेचं कल्चर आम्ही परत पाठवलं की वॉर्डातून फोन येतो की 'पण तुम्ही लावूनच बघा'. लावलं तर क्लेब्सिएला हा जंतू येईल, कॅन्डिडा ही बुरशी येईल, आणि सुधारत चाललेल्या माणसाला मेरोपेनेम आणि फ्लुकोनाझोल सुरू होईल. थुंकीतला कॅन्डिडा हा न्यूमोनियाचं कारण जवळजवळ कधीच नसतो. त्याला औषध देऊ नका.

एक खास सूचना पावसाळ्यासाठी. मधुमेही, मातीत किंवा साचलेल्या पाण्यात काम करणारा, तीव्र न्यूमोनिया, सोबत यकृतात वा प्लीहेत गळू: मेलिऑइडोसिस (माती-पाण्यातल्या जंतूचा संसर्ग) मनात ठेवा आणि फॉर्मवर तसं लिहा. तो जंतू घाईत स्यूडोमोनास म्हणून किंवा नुसता बाहेरून मिसळलेला म्हणून सुटून जातो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद नाही, पण अमॉक्सिक्लाव्हला आहे, असा रिपोर्ट दिसला की थांबा आणि आम्हाला फोन करा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्याला पुरत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम निदान १० ते १४ दिवस आणि मग तीन महिने कोट्रायमोक्साझोल, असा लांबचा रस्ता आहे.

डोसकार्ड

पेट्रीडिशताईंच्या 'कॅन्डिडा'वर +१. आता औषध ठरल्यानंतर जे बिघडतं त्याबद्दल.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम सकाळ-संध्याकाळ लिहायची सवय आहे. २ ग्रॅम एकदाच पुरतं, एक टोचणी आणि एक सलाइन वाचते. कॅल्शियमबरोबर ते साका धरतं, म्हणून रिंगर लॅक्टेट चालू असलेल्या नळीतून द्यायचं नाही. शिरेतलं अमॉक्सिक्लाव्ह पाण्यात मिसळल्यावर २० मिनिटांत द्यावं लागतं आणि डेक्स्ट्रोजमध्ये ते टिकत नाही. सकाळी सात वाजता सहा रुग्णांचे डोस एकदम भिजवून ट्रेमध्ये ठेवले तर शेवटच्या खाटेला काय मिळतं ते सांगायला नको.

मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी, प्रत्येक डोस १०० मिली नॉर्मल सलाइनमधून ३ तास. पहिला डोस मात्र अर्ध्या तासात, रक्तात पातळी लवकर यायला. पंप नसेल तरी जमतं. २० थेंबांचा साधा सेट असेल तर मिनिटाला ११ थेंब, ६० थेंबांचा मायक्रो सेट असेल तर ३३. पिपटाझ ४.५ ग्रॅम दर ६ तासांनी. हळू द्यायचं तर ४ तास. यात सगळ्यांकडून सुटणारी गोष्ट: बाटली रिकामी झाली तरी नळीत १५-२० मिली औषध उरतं. बाटली १०० ची असेल तर जवळपास पाचवा भाग डोस कचऱ्यात. त्याच वेगाने २० मिली सलाइन मागून सोडा.

किडनीवर पहिल्याच दिवशी डोस कापू नका. सेप्सिसमध्ये चढलेलं क्रिअ‍ॅटिनिन बऱ्याच जणांत ४८ तासांत उतरतं, आणि जंतू सर्वांत जास्त असताना आपण औषध अर्धं केलेलं असतं. बीटा-लॅक्टमचे (सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, पिपटाझ, मेरोपेनेम यांचा गट) पहिले ४८ तास पूर्ण डोस, मग हिशेब. अमिकासिन आणि व्हँकोमायसिनला ही मुभा नाही.

टायकोप्लॅनिन: पहिले तीन डोस १२ तासांनी, मगच दिवसातून एकदा. हा सुरुवातीचा चढा डोस गाळला तर पातळी यायला कितीतरी दिवस लागतात आणि मग म्हणायचं, औषध लागू पडलं नाही.

जोड्या: मेरोपेनेमबरोबर मेट्रोनिडाझोल नको, पिपटाझबरोबर क्लिंडामायसिन नको. ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंना मेरोपेनेम आणि पिपटाझ एकेकटीच पुरतात. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या रुग्णाला मेरोपेनेम दिलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते आणि झटके येतात. डोस वाढवून ती सावरत नाही. अ‍ॅझिथ्रो आणि ऑन्डान्सेट्रॉन दोन्ही लिहिलेत तर एक ईसीजी काढा. क्यूटी (ईसीजीतलं एक अंतर) ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर अ‍ॅझिथ्रोऐवजी डॉक्सिसायक्लिन.

रात्रपाळी

नर्सिंगच्या बाजूने दोन गोष्टी.

केसपेपरवर 'स्टॅट' (म्हणजे ताबडतोब) लिहून डॉक्टर पुढच्या खाटेला जातात. आमच्यापर्यंत तोंडी निरोप आला नाही तर तो डोस ठरलेल्या वेळेला, म्हणजे रात्री दहाचा किंवा सकाळी सहाचा म्हणून जातो. औषध वॉर्डात नसेल तर चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात, आणि मध्यरात्री बाहेरचं दुकान शोधण्यात दीड तास. तक्त्यातल्या पहिल्या दोन औषधांच्या सहा-सहा व्हायल वॉर्डाच्या कपाटात कायम असाव्यात, ही ओळ त्याच पानावर छापा.

दुसरं, टेस्ट डोस. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन असो की पिपटाझ, कातडीत टोचून अर्धा तास थांबायची पद्धत सगळीकडे आहे. त्याचं काय करायचं? लेखी कुणी देत नाही.

डोसकार्ड

सिस्टर, व्हायलमधलंच औषध पातळ करून कातडीत टोचण्याला प्रमाण मानावं असा आधार नाही. निगेटिव्ह आली तरी अ‍ॅनाफिलॅक्सिस होऊ शकतो, आणि लाल चट्टा उठला तर तो नुसत्या टोचण्यानेही उठतो. उपयोग प्रश्नांचा: आधी कोणतं इंजेक्शन घेतलं, किती वेळात काय झालं, सूज की नुसते जुलाब? जुलाब म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. इतिहास स्वच्छ असेल तर थेट डोस, खाटेजवळ अ‍ॅड्रिनॅलिन, लागलं तर ०.५ मिग्रॅ मांडीच्या स्नायूत. पहिली पंधरा मिनिटं नजर. पण हे रुग्णालयाच्या समितीकडून सहीनिशी लेखी घ्या. उद्या काही झालं तर सिस्टर एकट्या उभ्या राहायला नकोत.

वॉर्डराउंड

अ‍ॅझिथ्रो की डॉक्सी, यावर छातीवाला सरांचं मत हवं. मला पावसाळ्यापुरतं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि डॉक्सी १०० मिग्रॅ दोनदा हे सरसकट करावंसं वाटतं. हिंदमाता, सायन, कुर्ला भागात पाणी तुंबलं की आठ-दहा दिवसांनी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो, आणि फुफ्फुसात रक्तस्राव होणारा लेप्टो पहिल्या एक्स-रेत न्यूमोनियासारखाच दिसतो. या जोडीत लेप्टो, स्क्रब टायफस आणि नेहमीचे अटिपिकल (न्यूमोनियाचे वेगळ्या जातीचे) जंतू एका दगडात येतात.

छातीवाला

वॉर्डात मान्य, आयसीयूत नाही. तीव्र न्यूमोनियात बीटा-लॅक्टमसोबत मॅक्रोलाइड (अ‍ॅझिथ्रोचा गट) दिलेल्यांचा फायदा अनेक निरीक्षणांतून दिसला आहे. डॉक्सीचा तेवढा आधार नाही. लेप्टोला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन स्वतःच पुरेसं आहे, १ ग्रॅम रोज सुद्धा. तेव्हा आयसीयूत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन-अ‍ॅझिथ्रो, आणि स्क्रबची शंका असेल, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्सी वरून.

महत्त्वाचं म्हणजे पावसाळ्यात धाप लागलेल्या प्रत्येक रुग्णाची मलेरियाची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट, प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिअ‍ॅटिनिन पहिल्याच रक्तात. पोटऱ्या दुखणं, डोळे लाल आणि पिवळे, प्लेटलेट कमी, क्रिअ‍ॅटिनिन चढतंय आणि खोकल्यातून रक्त: लेप्टो धरून चाला. लेप्टोची आयजीएम (प्रतिपिंडांची) चाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, त्यावर औषध थांबवू नका. फ्लूच्या साथीच्या दिवसांत तीव्र रुग्णाला ओसेल्टामिवीर ७५ मिग्रॅ दोनदा, स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत वाट न बघता. मलेरियाच्या फुफ्फुसाला मेरोपेनेम देत बसण्याइतकं वाईट काही नाही. तिथे आर्टेसुनेट लागतं.

आणि हो, साचलेल्या पाण्यातून चालल्यावर पालिकेच्या सूचनेप्रमाणे डॉक्सी घेतली होती का, हे विचारायला विसरू नका. घेतली असेल तर लेप्टो कमी संभवतो, संपत नाही.

आयसीयू_बेड९

इथपर्यंत घरून आलेला न्यूमोनिया झाला. भरती झाल्यावर ४८ तासांनी उद्भवलेला, किंवा व्हेंटिलेटरसाठी श्वासनळीत नळी टाकल्यावर ४८ तासांनी उद्भवलेला, हा वेगळा धागा व्हावा इतका मोठा विषय आहे. थोडक्यात टाकतो.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या सक्शनमध्ये पिवळं आलं, एवढ्याने न्यूमोनिया ठरत नाही. एक्स-रेत नवीन किंवा वाढता डाग, आणि त्यासोबत ताप, पांढऱ्या पेशी वाढणं वा घटणं, पूयुक्त स्राव, ऑक्सिजनची गरज वाढणं यांतल्या गोष्टी हव्यात. नळीत तीन-चार दिवस राहिलं की श्वासनळीत जंतू वस्तीला येतातच. आपल्याकडे अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास. त्या वस्तीला औषध दिलं तर वस्ती जात नाही, फक्त जास्त कडवी होते. नळीतल्या स्रावाचं मोजून केलेलं कल्चर लाखाच्या वर, फुफ्फुस धुऊन घेतलेल्या नमुन्यात दहा हजारांच्या वर, आणि रुग्ण खरोखर बिघडलेला, तेव्हा उपचार.

इथे तक्त्यात एकच नाव छापता येत नाही. आपल्या आयसीयूत गेल्या वर्षी काय वाढलं आणि कशाला दाद दिली, त्यावर ठरतं. भारतभराच्या आयसीएमआर अहवालांत अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे बहुसंख्य नमुने मेरोपेनेमला दाद देत नाहीत. मग 'अजून थोडं वरचं' म्हणून मेरोपेनेमवर चढणं म्हणजे दिलासा स्वतःला, रुग्णाला नाही. सल्बॅक्टम दिवसाला ९ ग्रॅमपर्यंत विभागून, सोबत पॉलिमिक्सिन किंवा शिरेतलं मिनोसायक्लिन, असे पर्याय संसर्गतज्ज्ञाशी बोलून.

काही औषधं फुफ्फुसात चालतच नाहीत. डॅप्टोमायसिन फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंटने निकामी होतं. अमिकासिन एकटं पोचत नाही, पुवात तर नाहीच. टायगेसायक्लिन रिपोर्टमध्ये संवेदनशील दिसतं, पण रक्तात पातळी इतकी कमी की जंतू रक्तात असतील तर त्यावर विसंबू नये, आणि व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियात त्याचे निकाल खराब आहेत.

कालावधी ७ दिवस. चौदा नाहीत. अ‍ॅसिनेटोबॅक्टर आहे म्हणून चौदा, हेही नाही, जर रुग्ण सावरला असेल.

पेट्रीडिश

कोलिस्टिनवर भर घालते. चकती लावून केलेली कोलिस्टिनची चाचणी ग्राह्य नाही, औषध अगरमध्ये नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनचाच (द्रवात औषध पातळ करत केलेल्या चाचणीचा) आकडा मागा. रिपोर्टवर 'एस' (संवेदनशील) असं कुणी देत असेल तर विचारा कशावरून. चाचण्यांचे मापदंड ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०२० पासून तो वर्गच काढला आहे, उरलंय फक्त 'मध्यम' आणि 'प्रतिरोधक'.

डोस लिहिताना कोलिस्टिन मिलिग्रॅममध्ये लिहू नये. वेगवेगळ्या देशांत मिलिग्रॅमचा अर्थ वेगळा आहे आणि त्यातून दुप्पट-तिप्पट चुका होतात. युनिटमध्येच: सुरुवातीला ९० लाख, मग दर १२ तासांनी ४५ लाख, किडनी पाहून. पॉलिमिक्सिन बी किलोला २५ हजार युनिटपर्यंत सुरुवातीला; ६० किलोच्या माणसाला १५ लाख, म्हणजे ५ लाखांच्या तीन व्हायल. पुढे दर १२ तासांनी किलोला साडेबारा ते पंधरा हजार. याचा डोस किडनीसाठी कमी करायचा नाही.

मेरोपेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला आला तर प्रतिकाराचं जनुक कोणतं ते विचारा. ओएक्सए-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम चालतं. एनडीएम असेल तर ते एकटं चालत नाही, अ‍ॅझट्रिओनाम सोबत द्यावं लागतं, दोन्ही एकाच वेळी जातील असं वेळापत्रक ठेवून. मुंबईत दोन्ही जनुकं मिळतात, कधी एकाच जंतूत. न विचारता महागडं औषध सुरू करून नातेवाइकांना कर्जात घालण्यात अर्थ नाही.

छातीवाला

आता तिसरा दिवस. धाग्याचा खरा प्रश्न हाच आहे, बाकी सगळं पुस्तकात मिळतं.

औषध सुरू करणारा एक असतो, थांबवायचं काम कुणाचंच नसतं. युनिटचा दिवस बदलतो, रविवार येतो, रुग्ण दुसऱ्या वॉर्डात जातो. म्हणून पहिल्या दिवशीच तीन गोष्टी लिहायच्या: कशासाठी, कोणत्या तारखेला फेरविचार, अंदाजे कधी थांबणार. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र लिहून अँटिबायोटिकचं कारण चिठ्ठीवर लिहायला सांगितलंच आहे. तारीख आपण जोडायची.

४८ ते ७२ तासांनी खाटेपाशी उभं राहून: ताप १०० च्या आत, नाडी १०० च्या आत, श्वास २४ च्या आत, वरचा दाब ९० च्या वर, ऑक्सिजन हवेवर ९० च्या वर, तोंडाने खातोय, शुद्धीवर आहे. सगळं जमत असेल तर शिरेतलं बंद, गोळी सुरू. गोळी लागू पडते का ते पाहायला अजून २४ तास ठेवायची गरज नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोननंतर सेफिक्सिम लिहायची सवय मोडा. न्यूमोकोकसवर ते दुबळं आणि स्टॅफवर निकामी. अमॉक्सिक्लाव्ह ६२५ तीनदा, किंवा सेफ्युरॉक्सिम ५०० दोनदा. फॅरोपेनेम तर नकोच.

एमआरएसएसाठी व्हँकोमायसिन सुरू केलं होतं आणि नाकाच्या स्वॅबची पीसीआर निगेटिव्ह आली, तर ते बंद करायला ती सहसा पुरते. पिपटाझ चालू आहे आणि कल्चरमध्ये न्यूमोकोकस आला, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर उतरा. मेरोपेनेम न्यूमोकोकसला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनपेक्षा जास्त मारत नाही, फक्त आतड्यातले बाकीचे सगळे जंतू मारतं.

सुधारत नसेल तर औषध वाढवण्याआधी शोधा. सोनोग्राफीचा प्रोब छातीवर ठेवा. फुफ्फुसाभोवती पाणी आहे? काढा, पू असेल किंवा पीएच ७.२ च्या खाली, तर नळी. एम्पायमा (फुफ्फुसाभोवती साचलेला पू) अँटिबायोटिक बदलून बरा होत नाही. टीबी? हृदय निकामी? फुफ्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी? श्वासनळीत गाठ किंवा शेंगदाणा? डोस पोचला का, हे डोसकार्डवाल्यांचं लिखाण समोर ठेवून तपासा.

आयसीयू_बेड९

प्रोकॅल्सिटोनिन या रक्तचाचणीबद्दल थोडक्यात: सुरू करायचं की नाही हे त्यावर ठरवू नका, थांबवायला वापरा. ०.२५ च्या खाली किंवा सर्वोच्च आकड्यापासून ८० टक्के घट. किडनी निकामी असेल तर मूळ पातळीच वर असते. रोज पाठवायची चाचणी नव्हे.

पक्षाघातानंतर ठसका लागून पोटातलं श्वासनळीत गेलेल्यांत पहिल्या दोन दिवसांचा डाग बहुतेक रासायनिक दाहाचा असतो. निरीक्षणाखाली ठेवता येतो. दिलंच तर अमॉक्सिक्लाव्ह पुरे, गळू किंवा एम्पायमा नसेल तर मेट्रोनिडाझोल वर टाकायची गरज नाही.

रात्रपाळी

नातेवाईक रोज एक्स-रे उजेडाला धरून विचारतात, डाग अजून आहे मग इंजेक्शन बंद का? त्यांना काय सांगायचं?

छातीवाला

डाग जायला चार ते सहा आठवडे लागतात, वयस्कर आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याहून जास्त. औषध ताप, श्वास आणि ऑक्सिजन पाहून थांबतं. सुधारत असलेल्या रुग्णाचा रोज एक्स-रे काढूच नका, म्हणजे हा प्रश्नही येणार नाही.

दिवस किती, तर घरून आलेल्या न्यूमोनियात ५ पुरतात, शेवटचे दोन दिवस स्थिर असला तर. तीव्र नसलेला रुग्ण तिसऱ्या दिवशीच पूर्ण स्थिर झाला तर तीन दिवसांवर थांबलेल्यांचे निकाल आठ दिवसांइतकेच चांगले आले, असा फ्रान्समधला २०२१ चा अभ्यास आहे. मी तक्त्यात ५ लिहीन, रेसिडेंटला तेवढं पेलतं. अपवाद: स्टॅफ रक्तात असेल, गळू, एम्पायमा, मेलिऑइडोसिस. डिस्चार्ज कार्डावर गोळी बंद करण्याची तारीख अंकात लिहा. 'पुढे चालू ठेवा' लिहिलं की दुकानातून महिनाभर चालू राहतं. पन्नाशी उलटलेल्या धूम्रपान करणाऱ्याला सहा आठवड्यांनी एक एक्स-रे, गाठीसाठी. सीबीनॅटचा रिपोर्ट बाकी असेल तर तो कोण बघणार, हेही कार्डावर.

वॉर्डराउंड

भरपूर मिळालं. लिव्होफ्लॉक्सासिन काढलं, नमुन्यांचा रकाना घातला, डॉक्सी वॉर्डापुरती ठेवली, कपाटातल्या व्हायलींची ओळ घातली. पेट्रीडिशताई, तक्त्याच्या मागच्या बाजूला आपल्या वॉर्डाचा अँटिबायोग्राम (कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो तो तक्ता) छापायचा आहे. आयसीयूचा आणि वॉर्डाचा एकत्र मिळेल की वेगळा?

पेट्रीडिश

वेगळाच घ्या. एकत्र केला तर आयसीयूचे अ‍ॅसिनेटोबॅक्टर वॉर्डाच्या आकड्यांत मिसळतात आणि साध्या न्यूमोनियालाही मेरोपेनेम लिहावंसं वाटतं. एका रुग्णाचा वर्षातला त्या जंतूचा पहिलाच नमुना मोजते, नाहीतर महिनाभर पडून असलेल्या एकाच रुग्णाचे आठ कल्चर टक्केवारी फिरवतात. ज्या जंतूचे ३० हून कमी नमुने असतील त्याची टक्केवारी देणार नाही, त्यासाठी दोन वर्षं एकत्र करावी लागतील. वॉर्डातून आलेल्या थुंकीत न्यूमोकोकस ३० पर्यंत पोचेल असं वाटत नाही. जूनपासून पहिल्या डोसाआधी नमुने पाठवायला लागलात तर पुढच्या वर्षी पोचेल.